समुद्राला इतिहास नसतो काय?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात एका स्नेह्यांचे व्याख्यान झाले. विषय होता त्यांचा अलीकडचा बांदा बेटांचा प्रवास. नाव ऐकताच श्रोत्यांपैकी काहींना पत्रादेवीच्या पलीकडचे आपले बांदा आठवले आणि थोडा हशा पिकला. हे बांदा त्याहून पुष्कळ दूरचे. इंडोनेशियातील मोलुक्का द्वीपसमूहात, सेराम बेटाच्या दक्षिणेस, खोल समुद्राच्या मधोमध दहा-अकरा लहान बेटांचा हा पुंजका आहे. आमचे स्नेही पाठीला हवेची नळकांडी बांधून सागरतळी उतरण्याची विद्या प्रौढ वयात शिकले आणि तिच्याच ओढीने तेथवर गेले. पडद्यावर चित्रे दाखवीत ते दीड तास बोलले. चित्रे सुंदर होती, निवेदनही रसाळ होते. समारोपात मात्र ते म्हणाले, "वर जमिनीवर काय घडले असेल ते असो, पाण्याखाली इतिहास नसतो. तेथे माणूस अगदी निर्दोष असतो." टाळ्या पडल्या. मी आक्षेप घ्यायला उभा राहिलो. पण वेळ संपली होती. "वकीलसाहेब, तुम्ही आता लेखच लिहा," असे म्हणून अध्यक्षांनी सभा आटोपती घेतली. त्या सूचनेचा मी हा स्वीकार करीत आहे.

वादाचा मुद्दा आरंभीच नेमका मांडलेला बरा. प्रवासाला माझा विरोध नाही. समुद्रात बुडी मारण्यालाही नाही. ज्याची छाती आणि खिसा दोन्ही धड आहेत त्याने ती खुशाल मारावी. माझा विरोध आहे तो त्या एका वाक्याला. "पाण्याखाली इतिहास नसतो" हे वाक्य वरवर पाहता निरुपद्रवी, किंबहुना काव्यमय वाटते. वस्तुतः ते एका जुन्या दाव्याचे नवे रूप आहे. ज्याला एखादी भूमी हवी असते तो प्रथम ती रिकामी आहे असे ठरवतो. पूर्वी हे काम तलवार आणि करारपत्र घेऊन केले जाई, आज ते कॅमेरा घेऊन केले जाते. या दोहोंत फार मोठे अंतर आहे हे मी मान्य करतो. परंतु नाते आहे हेही मान्य झाले पाहिजे.

स्नेह्यांनी जे पाहिले त्याचे मोल मी कमी करू इच्छीत नाही. बांदा नैरा या मुख्य बेटासमोर गुनुंग आपी, म्हणजे 'अग्निपर्वत', हा ज्वालामुखी समुद्रातून सरळ वर आला आहे. १९८८ च्या मे महिन्यात त्याचा उद्रेक झाला आणि लाव्हारस वाहत समुद्रात गेला. त्याच्या वाटेवरचे प्रवाळ जळून नष्ट झाले. प्रवाळाची वाढ किती मंद असते हे ठाऊक असल्यामुळे तेथे पुन्हा काही उगवायला कित्येक दशके लागतील असेच कोणालाही वाटले असते. परंतु पाच वर्षांच्या आत त्या काळ्या खडकावर मेजासारखी पसरट प्रवाळे दाट पसरली, आणि संशोधकही त्या वेगाने चकित झाले. साधारणतः सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत त्या समुद्रात हातोडीसारख्या डोक्याच्या मुशी, ज्यांना आमच्या गोव्यात मोरी म्हणतात, थव्याथव्यांनी फिरतात. नैराच्या धक्क्याखाली उथळ पाण्यात निळ्या-नारिंगी रंगांचे, बोटभर लांबीचे मासे संध्याकाळी जोडीने वर येतात. हे सारे खरे आहे, आणि ते पाहून ज्याला आनंद होत नाही त्याच्याविषयी मला अनुकंपाच वाटेल.

पण मग प्रश्न असा: लाव्ह्याखाली जळालेल्या प्रवाळाचे साल आमच्या स्नेह्यांना तोंडपाठ होते, तर त्याच बेटावर मारल्या गेलेल्या माणसांचे साल त्यांना का ठाऊक नव्हते?

ते साल आहे १६२१. त्याची हकिगत जायफळापासून सुरू होते. आपल्या घरी श्रीखंडात, पुरणात, बाळाच्या गुटीत जे जायफळ उगाळले जाते ते, आणि त्याच फळाच्या बीवरची लाल जाळी म्हणजे जायपत्री, ही दोन्ही शतकानुशतके जगाला या चिमुकल्या बेटांवरूनच मिळत होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचांनी चोरून रोपे मॉरिशसला नेली आणि पुढे इंग्रजांनी ती इतरत्र लावली, तोवर जायफळ म्हणजे बांदा हे समीकरण अबाधित होते. बांदावर राजा नव्हता. 'ओरांग काया' म्हणून ओळखले जाणारे गावोगावचे प्रतिष्ठित प्रमुख आपापला कारभार पाहत. बेटांवर अन्न पुरेसे पिकत नसे. जावाचे व मलय व्यापारी तांदूळ, साबुदाणा आणि हिंदुस्थानी कापड आणीत व जायफळ नेत. त्या कापडात गुजरातेतले कापडही असे. म्हणजे युरोपियनांनी या बेटांचा 'शोध' लावण्यापूर्वी आपली तेथे उठबस होती, आणि ती व्यापाऱ्याची होती.

आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतले, आणि तेथूनच पाठविलेली पोर्तुगीज गलबते १५१२ मध्ये बांदाला पोहोचली. पोर्तुगीजांचा जम तेथे बसला नाही. १५९९ मध्ये डच आले. १६०२ मध्ये डचांनी काही प्रमुखांकडून करार करून घेतला: जायफळ आम्हालाच विकायचे, इतर कोणालाही नाही. सर्व प्रमुखांनी त्यावर सह्या केल्या नव्हत्या, आणि ज्यांनी केल्या त्यांना न करणाऱ्यांना बांधून घेण्याचा अधिकार नव्हता, कारण सर्वांच्या वतीने बोलणारा राजाच तेथे नव्हता. ज्या बेटाचे अन्न परक्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून येते त्याने एकाच गिऱ्हाइकाशी जन्माचे बांधून घेणे म्हणजे उपासमारीचा करार करणे होय. अर्थात तो पाळला गेला नाही. आणि करार मोडला, हीच पुढच्या साऱ्या कृत्यांची कायदेशीर सबब ठरली.

येथे माझ्या व्यवसायबंधूंपैकी एका थोर पुरुषाचे नाव घेणे भाग आहे. ह्यूगो ग्रोशियस हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून आम्हाला महाविद्यालयात शिकविला गेला. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले, त्या लुटीच्या समर्थनार्थ त्याने एक ग्रंथ रचला. त्यातले एक प्रकरण 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र', या नावाने १६०९ मध्ये निनावी प्रसिद्ध झाले. समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही आणि व्यापार करण्याचा हक्क सर्वांना आहे, हे त्यातले प्रतिपादन पोर्तुगिजांच्या मक्तेदारीविरुद्ध होते. अरबी समुद्रात पोर्तुगिजांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना घेतल्यावाचून आपल्या लोकांची गलबते हिंडू शकत नव्हती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते प्रतिपादन गोडच वाटेल. परंतु पुढे काय झाले ते पाहा. १६१३ मध्ये लंडनला आणि १६१५ मध्ये हेगला मसाल्यांच्या बेटांवरून इंग्रज व डच यांच्या वाटाघाटी झाल्या, तेव्हा हाच ग्रोशियस डचांच्या बाजूने बसला होता. इंग्रजांनी मुक्त समुद्राचे तत्त्व त्याच्यापुढे टाकले. त्यावर त्याने उत्तर दिले की तत्त्व खरे, पण बेटकऱ्यांनी आमच्याशी करार केले आहेत आणि करार पाळलेच पाहिजेत. समुद्र सर्वांचा, जायफळ मात्र आमचे! वकिलाने पक्षकाराप्रमाणे युक्तिवाद बदलावा हे मी समजू शकतो. आम्ही सारेच ते करतो. पण त्या युक्तिवादात एक पक्ष कधी बोललाच नाही. बांदाच्या लोकांना त्या मेजाशी खुर्ची नव्हती.

ज्या साली 'मुक्त समुद्र' छापले गेले त्याच साली, पोर्तुगिजांनी अर्धवट सोडलेल्या पायावर, डचांनी नैरा येथे नासाऊ किल्ला उभारला. त्या वर्षी बांदाच्या लोकांनी डच नौसेनापती फेरहूफेन आणि त्याच्याबरोबरची काही माणसे भेटीला बोलावून मारली, हेही सांगितले पाहिजे. प्रतिपक्षाचा पुरावा दडवणे मला शोभणार नाही. त्या ताफ्यात एक तरुण व्यापारी कारकून होता, यान पीटरझोन कून. बारा वर्षांनी तो डच कंपनीचा गव्हर्नर जनरल म्हणून मोठे आरमार आणि भाडोत्री जपानी लढवय्ये घेऊन परत आला. लोंथोर बेट जिंकले गेले. कटाचा आरोप ठेवून प्रमुखांना पकडण्यात आले, छळ करून कबुल्या घेण्यात आल्या, आणि ८ मे १६२१ रोजी नासाऊ किल्ल्यापाशी चव्वेचाळीस जणांना जपान्यांच्या तलवारींनी कापून काढण्यात आले. ज्या देशाच्या पुराव्याच्या कायद्यात पोलिसापुढील साधी कबुलीही आरोपीविरुद्ध ग्राह्य धरत नाहीत, त्या देशातील वकिलाला या 'न्यायदाना'वर अधिक भाष्य करण्याची गरज वाटत नाही. बेटांची लोकसंख्या त्यापूर्वी सुमारे १५,००० असावी असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांतले हजारभरच तेथे उरले. बाकीचे मारले गेले, डोंगरात उपाशी मेले, कड्यांवरून पडले, समुद्रमार्गे पळाले. सुमारे आठशे जणांना बायकामुलांसह बटाव्हियाला नेण्यात आले.

रिकाम्या झालेल्या जमिनीचे अडुसष्ट तुकडे पाडून ते कंपनीच्या माणसांना बागाइतीसाठी दिले गेले, आणि राबायला गुलाम आणले गेले. त्यांत भारताच्या किनाऱ्यांवरून नेलेली माणसेही होती. इतरत्र रुजू नये म्हणून जायफळ चुन्यात बुडवून मगच बाहेर धाडीत. डच ईस्ट इंडीजमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८६० मध्ये. जे पळून गेले त्यांच्यापैकी काहींचे वंशज केई बेटांवर बांदा एली आणि बांदा एलात या गावांत आजही राहतात, आणि बांदाची मूळ भाषा तेथे बोलतात. खुद्द बांदावर ती भाषा उरलेली नाही. वाचकहो, भाषेच्या सरहद्दीवर आयुष्य काढणाऱ्या आपणांस या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. भाषा जिवंत आहे, पण घरी नाही.

हे सारे पाण्याबाहेरचे झाले, असे आमचे स्नेही म्हणतील. मी म्हणतो, ते पाण्यातलेच आहे. जो तांदूळ आला नाही तो याच पाण्यावरून यायचा होता. जी माणसे पळाली ती याच पाण्यातून पळाली. ज्या खाडीत त्यांच्या जहाजाने नांगर टाकला तिच्यावरच नासाऊ किल्ल्याचे उरलेले तट पाहत आहेत. स्नेह्यांच्याच सांगण्याप्रमाणे दहा दिवसांच्या सफरीत ते जहाजावरच जेवले, जहाजावरच निजले आणि नैरा गावात एक दुपार उतरले. त्या दुपारी त्यांनी किल्ल्याच्या पार्श्वभूमीवर छायाचित्र घेतले आणि जायफळाचा मुरंबा विकत घेतला. पाण्याखाली इतिहास नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे ते एवढ्याच अर्थाने, की जो वर पाहत नाही त्याला तो कोठेच दिसत नाही.

जहाजावर त्यांना इतिहास सांगितलाच नाही असे नव्हे. त्यांना एक गंमत सांगितली गेली, आणि ती त्यांनी आम्हालाही सांगितली: डचांनी न्यूयॉर्कचे मॅनहॅटन बेट इंग्रजांना देऊन त्याच्या बदल्यात बांदातील चिमुकले रून बेट घेतले, केवढा हा आतबट्ट्याचा सौदा! ही कथा सर्वत्र सांगतात. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात प्रत्यक्षात असे ठरले की युद्धात ज्याच्या हाती जे आले ते त्याच्याकडे राहावे. त्यात मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिले, रून डचांकडे. त्याला अदलाबदल म्हणणे सैल बोलणे झाले. पण माझा खरा आक्षेप कायद्याच्या काटेकोरपणाचा नाही. या गमतीत दोन युरोपीय सौदागर आहेत, दोन बेटे आहेत, आणि हसायला श्रोते आहेत. दोन्ही बेटांवर राहणारी माणसे तेवढी नाहीत. हत्याकांड विसरण्याची सर्वांत सभ्य रीत म्हणजे त्याच्या जागी एक चुटका ठेवणे.

आता प्रतिपक्षाचे युक्तिवाद. पहिला: त्या काळची नीतीच तशी होती. हे खरे नाही. कूनच्या आधीचा गव्हर्नर जनरल लाउरेन्स रेआल आणि नौसेनापती स्टीव्हन फान डर हागेन या दोघा डच अधिकाऱ्यांनीच, देशी व्यापार बंद पाडून बेटकऱ्यांना उपाशी मारण्याच्या धोरणाला हरकत घेतली होती. काळाला दोन्ही वाटा ठाऊक होत्या. त्यांतली एक निवडली गेली. होर्न या कूनच्या जन्मगावी १८९३ मध्ये उभारलेल्या त्याच्या पुतळ्याखालची पाटी २०१२ मध्ये बदलून तीत त्याच्या क्रौर्याविषयीची टीका नमूद करावी लागली. त्याच्या गावालाही जे लपवता येत नाही ते आपण आपल्या पदरच्या पैशाने प्रवास करून विसरावे, हा उदारपणा कोणासाठी?

दुसरा: चारशे वर्षांपूर्वीचा खटला तुम्ही कोणत्या न्यायालयात चालवणार? कोणत्याही नाही. मुदतीचा कायदा मलाही ठाऊक आहे. पण त्याच कायद्याचे एक जुने तत्त्व आहे: मुदत संपली म्हणजे देण्यासाठी दावा लावता येत नाही, देणे मात्र नाहीसे होत नाही. ज्याला सावकाराने गाठले नाही तो ऋणमुक्त ठरत नाही, सुदैवी ठरतो. आणि येथे तर मागणी पैशाची नाही, उच्चाराची आहे.

तिसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. आज बांदावर राहणारे लोक बहुतांशी नंतर आणलेल्या वा आलेल्या माणसांचे वंशज आहेत. ते पाहुण्यांचे हसून स्वागत करतात, पाहुण्यांच्या पैशाची त्यांना गरज आहे. तुम्ही कोण त्यांच्या वतीने डोळे पुसणारे? याला माझे उत्तर असे, की मी त्यांच्या वतीने बोलत नाही. ते स्वतःच बोलत आहेत. नैरा येथे मारल्या गेलेल्या प्रमुखांचे स्मारक त्यांनी जपले आहे. तेथील चाकालेले या युद्धनृत्याचा संबंध ते १६२१ शी जोडतात. ज्यांची वाडवडिलार्जित भूमी ती नव्हती, त्यांनी त्या भूमीचे सुतक आपले मानले. याहून मोठा वारसा कोणता? आणि हेच नृत्य पाहुण्यांपुढे होते तेव्हा पाहुणा त्याला 'रंगीत स्वागत' म्हणून टाळ्या देतो. पाहुण्यांचा पैसा जरूर जावा. पण जहाजाच्या मालकाकडे जाण्यापेक्षा नैरातल्या घरगुती खानावळीकडे आणि तिथल्या होडीवाल्याकडे गेला तर या युक्तिवादालाही अधिक धार येईल.

गोव्यातील वाचकांना हा विषय परका वाटू नये. आपल्याकडे येणारा प्रवासी आपल्या गल्ल्यांत 'पोर्तुगीज गंध' शोधतो, रंगीत भिंतींपुढे उभा राहतो, आणि इन्क्विझिशन, पाडलेली देवळे, १९६१ पर्यंतची दडपशाही या गोष्टी निघाल्या की कंटाळतो. ग्रांदे बेटाजवळ पाण्यात उतरणाऱ्यांपैकी किती जणांना समोरच्या मुरगावचा इतिहास ठाऊक असतो? त्यांच्यावर आपण रागावतो, आणि रास्तच रागावतो. कागदाचा अनुभवही आपल्याला आहे. दादरा-नगरहवेलीच्या वादात पोर्तुगालने १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे सार्वभौमत्वाचा पुरावा म्हणून ठेवला होता. १९६० च्या निकालात न्यायालयाने तह खरा मानला, पण मराठ्यांनी त्याने महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असे सांगितले. आपला कागद निदान एकदा वाचला गेला, आपला वकील निदान उभा राहिला. बांदाच्या १६०२ च्या करारावर कधीच कोणी तसा निवाडा दिला नाही. ज्याला न्यायालयात जागा मिळाली त्याने, ज्याला मिळाली नाही त्याच्याकडे सहल म्हणून पाहावे, हे मला लांच्छनास्पद वाटते.

मग प्रवाशाने करावे काय? माझी मागणी अगदी लहान आहे. जाण्यापूर्वी त्याने त्या जागेचे एक साल पाठ करावे. परत आल्यावर चित्रे दाखविताना ते साल उच्चारावे. 'अस्पर्श', 'निर्मनुष्य', 'स्वर्ग' हे शब्द वापरण्यापूर्वी ती जागा निर्मनुष्य कोणी केली हे विचारावे. आणि दहा दिवसांतले दोन तरी दिवस जमिनीवर काढावेत.

त्या दोन दिवसांत पाहण्यासारखे काही नाही असे कोणी म्हणू नये. १९३६ पासून १९४२ पर्यंत डच सरकारने मोहंमद हट्टा आणि सुतान शारीर यांना नैरा येथे हद्दपार करून ठेवले होते. पुढे त्यांतला एक स्वतंत्र इंडोनेशियाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला, दुसरा पंतप्रधान. ज्या बेटावरून माणसे हद्दपार झाली होती त्याच बेटावर हे दोघे हद्दपार होऊन आले, आणि त्यांनी काय केले? गावातली मुले गोळा करून त्यांना शिकविले. आज तिथल्या दोन बेटांना त्यांची नावे आहेत. आमच्या स्नेह्यांनी हट्टा बेटाच्या प्रवाळाची बारा चित्रे दाखविली. ते नाव कोणाचे, हे त्यांनी विचारले नव्हते.

स्नेह्यांशी माझा स्नेह कायम आहे. पुढच्या वर्षी ते पुन्हा जाणार आहेत असे ऐकतो. त्यांनी अवश्य जावे, आणि मनसोक्त खोल उतरावे. परत आले की वाचनालयात पुन्हा व्याख्यान द्यावे. मी पहिल्या रांगेत बसेन, आणि त्या वेळी त्यांनी ८ मे १६२१ हा दिवस सांगितला, तर सर्वांत आधी टाळी माझी असेल.